तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ: टेप धरण्यापासून वर्गमुळापर्यंत

इंदूरमध्ये तिरका किंवा त्रिकोणी प्लॉट ही नवलाची गोष्ट नाही. कॉलनीच्या गल्ल्या सरळ आखलेल्या असतात, पण कडेने नाला गेलेला असतो किंवा मोठा रस्ता तिरका कापत जातो, आणि शेवटचे प्लॉट काटकोनात बसत नाहीत. अशा प्लॉटचं क्षेत्रफळ काढायची एक सर्रास पद्धत आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन सरासऱ्या गुणून टाकायच्या. त्रिकोण असेल तर दोन बाजूंचा गुणाकार करून निम्मा करायचा. दोन्ही पद्धती काटकोन असेल तेव्हाच खऱ्या ठरतात. बाकी प्रत्येक वेळी क्षेत्रफळ जास्त भरतं, कमी कधीच नाही. म्हणजे विकत घेणारा नसलेल्या जमिनीचे पैसे मोजतो.

बरोबर पद्धत नववीत शिकवलेली असते: हेरॉनचं सूत्र. तीन बाजू ठाऊक असल्या की उंचीही लागत नाही आणि कोनही लागत नाही. सूत्र बहुतेकांना थोडंफार आठवतं. घोटाळा होतो तो सूत्राच्या आधी, म्हणजे टेप कुठे टेकवला, इंच कसे लिहिले, चौथी बाजू आल्यावर काय केलं, यात. म्हणून खाली मोजणीला आणि ताळ्याला सूत्रापेक्षा जास्त जागा दिली आहे. क्रम मोडू नका, कारण पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या ताळ्यावर उभा आहे.

टप्पा १: निघण्याआधीची तयारी

सोबत घ्यायच्या वस्तू: १०० फुटी (३० मीटरचा) फायबरचा टेप, तीन-चार खुंट्या, लाइनदोरी, ओळंबा, वही, पेन्सिल आणि वर्गमूळ निघणारा कॅलक्युलेटर. मोबाइलवरचा चालेल. मिस्त्रीच्या खिशातला पाच मीटरचा स्टीलचा टेप खोलीला ठीक आहे, प्लॉटला नको. ६० फुटांची बाजू त्याने चार तुकड्यांत मोजावी लागते आणि प्रत्येक सांध्यावर थोडी चूक मिळते.

दुसरा माणूस हवाच. टेपचं टोक दगडाखाली दाबून एकट्याने केलेली मोजणी धरू नका.

निघण्याआधी टेपचं शून्य कुठे आहे ते पाहा. काही टेपांत ते कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, तर काहींत पट्टीवर काही इंच आत छापलेलं असतं. टोक तुटून पुन्हा शिवलेला टेप असेल तर १ फुटाच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १ फूट वजा करा. हे वहीत वरच लिहून ठेवा, नाहीतर वजाबाकी हमखास राहते.

मोजण्याआधी वहीत आकृती काढा. कोपऱ्यांना अ, ब, क अशी नावं द्या आणि शेजारी रस्ता कुठे, नाला कुठे, कोणाचा प्लॉट कुठे ते लिहा. नुसते आकडे लिहून आणले तर घरी आल्यावर कुठला आकडा कोणत्या बाजूचा हेच कळत नाही. त्रिकोणात ते एक वेळ चालेल, चौकोनात क्रम बदलला की उत्तर बदलतं.

टप्पा २: कोपरे नक्की करा, मग बाजू मोजा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. बाजू म्हणजे दोन कोपऱ्यांमधलं अंतर. कोपरा म्हणजे हद्दीच्या दोन रेषा जिथे मिळतात तो बिंदू. कंपाउंडची भिंत उभी असेल तर लोक आतून मोजतात, कारण आतून मोजणं सोपं असतं. त्याचा परिणाम आकड्यांत पाहा. हद्दीच्या बाजू ३९, ४२ आणि ४५ फूट आहेत आणि ९ इंची भिंत पूर्णपणे हद्दीच्या आत बांधली आहे असं धरा. त्रिकोणाचं खरं क्षेत्रफळ ७५६ वर्गफूट आहे. आतून मोजलं तर ४५ फुटांची बाजू ४२ फूट २ इंच भरते आणि क्षेत्रफळ ६६४ वर येतं. भिंतीच्या जाडीपायी ९१ वर्गफूट गेले! त्रिकोणाच्या टोकदार कोपऱ्यांत भिंत फार जागा खाते, म्हणून हा फरक अंदाजापेक्षा मोठा निघतो.

तेव्हा आधी ठरवा: हद्द भिंतीच्या बाहेरच्या कडेला आहे, मधोमध आहे (शेजाऱ्याशी सामाईक भिंत), की आतल्या कडेला? रजिस्ट्री आणि नक्शा पाहा, शेजाऱ्याला विचारा आणि त्याच रेषेवर खुंट्या ठोका.

माळव्याच्या काळ्या मातीत खुंटीबद्दल एक सांगणं आहे. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जुनी खुंटी जागा सोडते. गेल्या वर्षीच्या खुंटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पक्का दगड, भिंतीचा कोपरा किंवा रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर यांच्याशी पडताळून घ्या.

आता टेप धरा. टेप ताणलेला, आडवा आणि सरळ रेषेत हवा. या तिन्हींचं महत्त्व सारखं नाही. ६० फुटांत टेप मध्यभागी एक फूट झोल खाली आला तरी चूक अर्ध्या इंचाची होते. पण मध्ये झाड किंवा विटांचा ढीग आला म्हणून टेप दोन फूट बाजूने वळवून नेला, तर तीच बाजू दीड इंचाहून अधिक जास्त भरते. अडथळा असेल तर आधी लाइनदोरी बांधून सरळ रेषा पक्की करा आणि टेप दोरीच्या वरून न्या.

उतार असेल तर जमिनीला चिकटून मोजू नका. खालच्या बाजूचं टोक उचला, टेप आडवा करा आणि ओळंबा सोडून खालचा बिंदू धरा. जमिनीचं क्षेत्रफळ नेहमी आडव्या पातळीवर धरतात.

प्रत्येक बाजू दोनदा मोजा, दुसऱ्यांदा उलट टोकाकडून. त्याच टोकाकडून दुसऱ्यांदा मोजलं तर पहिली चूकच पुन्हा मिळते.

ताळा: ५० फुटांच्या आसपासच्या बाजूत दोन मोजणींमध्ये अर्ध्या इंचापर्यंत फरक असेल तर सरासरी घ्या. एक इंचाहून जास्त फरक आला तर सरासरी नको, तिसऱ्यांदा मोजा.

टप्पा ३: फूट-इंचांचे दशांश करा

सूत्राला दशांश लागतात आणि टेप इंच दाखवतो. ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.५ फूट, ४०.६ नव्हे. हे वाचताना सगळ्यांना पटतं आणि लिहिताना निम्मे लोक ४०.६ लिहितात. १० आणि ११ इंचांना तर फारच नुकसान होतं: २८ फूट १० इंच कोणी २८.१० लिहितं, कॅलक्युलेटर ते २८.१ धरतो, आणि खरा आकडा २८.८३ आहे. पाऊण फूट गायब.

इंचांना १२ ने भागायचं, एवढंच:

१ इंच = ०.०८३
२ इंच = ०.१६७
३ इंच = ०.२५
४ इंच = ०.३३३
५ इंच = ०.४१७
६ इंच = ०.५
७ इंच = ०.५८३
८ इंच = ०.६६७
९ इंच = ०.७५
१० इंच = ०.८३३
११ इंच = ०.९१७

माझं मत विचाराल तर प्लॉट मोजताना टेपची दुसरी बाजू, म्हणजे मीटरची, वापरा. १२.३४ मीटर हा आकडा जसा वाचला तसाच सूत्रात जातो. वर्गफूट शेवटी एकदाच करता येतात. मात्र एक बाजू फुटांत आणि दुसरी मीटरमध्ये असं कधीही करू नका.

सावधान: वहीत "४०.६" अशी खूण ठेवूच नका. इंच लिहायचे तर "४० फूट ६ इंच" असं पूर्ण लिहा. टिंबाचा अर्थ दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही.

टप्पा ४: त्रिकोण होतो का?

सर्वांत मोठी बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान हवी. ६०, ३३ आणि २५ या बाजूंचा त्रिकोण होत नाही, कारण ३३ आणि २५ मिळून ५८ च होतात. टोकं जुळणारच नाहीत. असे आकडे आले तर गणित थांबवा आणि प्लॉटवर परत जा.

याच टप्प्यावर काटकोन आहे का तेही पाहून घ्या. मोठ्या बाजूचा वर्ग आणि उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज सारखी आली, तर काटकोन आहे आणि दोन लहान बाजूंचा गुणाकार निम्मा केला की काम झालं. ३०, ४०, ५० फुटांना ६०० वर्गफूट लगेच मिळतात. नुसतं डोळ्यांना काटकोन वाटतो म्हणून मात्र हा रस्ता धरू नका. आपल्या ३९-४२-४५ च्या त्रिकोणात ३९ × ४२ चे निम्मे ८१९ होतात, खऱ्या ७५६ पेक्षा ६३ जास्त.

टप्पा ५: अर्धपरिमिती आणि तीन फरक

बाजूंना ल, म, न म्हणू.

प = (ल + म + न) ÷ २

या प ला अर्धपरिमिती म्हणतात. निम्मं करायचं विसरणं ही परीक्षेतली आणि प्लॉटवरची सगळ्यात नेहमीची चूक आहे. पुढे तीन वजाबाक्या करायच्या: प − ल, प − म, प − न.

खरं उदाहरण घेऊ. बाजू: ४० फूट ६ इंच, ३३ फूट ३ इंच, २८ फूट ९ इंच. दशांशात ४०.५, ३३.२५, २८.७५. बेरीज १०२.५, म्हणून प = ५१.२५.

प − ल = ५१.२५ − ४०.५ = १०.७५
प − म = ५१.२५ − ३३.२५ = १८
प − न = ५१.२५ − २८.७५ = २२.५

ताळा: तिन्ही फरकांची बेरीज पुन्हा प एवढीच यायला हवी. १०.७५ + १८ + २२.५ = ५१.२५. जुळलं. हा ताळा दहा सेकंदांत होतो आणि बेरजेची, निम्मं करण्याची, वजाबाकीची अशा तिन्ही चुका पकडतो. तो केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखादा फरक शून्य किंवा ऋण आला तर टप्पा ४ मध्ये काहीतरी सुटलं आहे.

टप्पा ६: गुणाकार आणि वर्गमूळ

क्षेत्रफळ = √[ प × (प − ल) × (प − म) × (प − न) ]

चार संख्या गुणायच्या. पहिला प गाळून फक्त तीन फरक गुणणारे खूप असतात, म्हणून मोजा: चार. वर्गमूळ शेवटी, सगळ्या गुणाकाराचं.

५१.२५ × १०.७५ = ५५०.९३७५
१८ × २२.५ = ४०५
५५०.९३७५ × ४०५ = २,२३,१२९.६८७५
वर्गमूळ = ४७२.३७ वर्गफूट

मधल्या आकड्यांना कात्री लावू नका. शेवटचं उत्तर दोन दशांशांपर्यंत लिहा, त्याआधी काहीही नाही.

हेच गणित इंच चुकीचे लिहून, म्हणजे ४०.६, ३३.३, २८.९ घेऊन केलं तर उत्तर ४७५.४७ येतं. तीन वर्गफूट जास्त. आणि मजा म्हणजे टप्पा ५ चा ताळा इथेही जुळतो, कारण गणित बरोबर आहे, आकडे चुकलेले आहेत. म्हणून पुढचा टप्पा वेगळा ठेवला आहे.

शेतजमिनीच्या बाजू मोठ्या असल्या की दुकानातला साधा आठ अंकी कॅलक्युलेटर अडतो. ३००, ३२० आणि ३५० फूट बाजूंना गुणाकार दहा अंकी होतो आणि पडद्यावर चूक दाखवली जाते. तेव्हा दोन-दोनचे गट करा: √(४८५ × १८५) वेगळं काढा, √(१६५ × १३५) वेगळं काढा आणि दोन वर्गमुळं गुणा. उत्तर ४४,७०६ वर्गफुटांच्या जवळ, म्हणजे एका एकराहून (४३,५६०) थोडं जास्त येतं.

घरात नववीचं मूल असेल तर त्याला उलट सांगा: गुणाकार करूच नको, अवयव पाड. बाजू १३, १४, १५ असतील तर प = २१ आणि फरक ८, ७, ६. आता २१ × ८ × ७ × ६ मध्ये ७ दोनदा, ३ दोनदा आणि २ चारदा आहे. जोडीतून एकेक बाहेर: ७ × ३ × ४ = ८४. मोठ्या संख्येचं वर्गमूळ काढत बसण्याची गरजच पडत नाही. आणि प्रश्नात बाजूंचं गुणोत्तर १३ : १४ : १५ आणि परिमिती १२६ दिली असेल, तर बाजू ३९, ४२, ४५ होतात. बाजू तिप्पट झाल्या की क्षेत्रफळ नऊपट होतं, ८४ चे ७५६. इथे २५२ लिहून गुण घालवणारी मुलं दरवर्षी असतात.

टप्पा ७: उत्तराचा ताळा जमिनीवर

कागदावरचे दोन ताळे आधी.

पहिला: उत्तर कोणत्याही दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्यापेक्षा मोठं असूच शकत नाही. आपल्या उदाहरणात सर्वांत लहान जोडी ३३.२५ × २८.७५ ची. तिचे निम्मे ४७८. आपलं ४७२.३७ त्याच्या आत आहे.

दुसरा: तेवढ्याच परिमितीच्या त्रिकोणांत समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ सर्वांत जास्त असतं. परिमितीचा वर्ग करा आणि २०.७८ ने भागा. १०२.५ चा वर्ग १०,५०६.२५, भागल्यावर ५०५.६. याच्या वर उत्तर गेलं तर कुठेतरी नक्की चूक आहे.

आता खरा ताळा. क्षेत्रफळाची दुप्पट करून मोठ्या बाजूने भागा: ९४४.७३ ÷ ४०.५ = २३.३३ फूट, म्हणजे २३ फूट ४ इंच. ही मोठ्या बाजूवरची उंची झाली. प्लॉटवर जा. समोरच्या कोपऱ्यात टेपचं शून्य घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही दुसरं टोक घेऊन मोठ्या बाजूच्या दोरीवरून हळूहळू सरका, टेप ताणलेला ठेवून. आकडा आधी कमी होत जाईल, एका जागी सर्वांत कमी होईल आणि मग पुन्हा वाढू लागेल. तो सर्वांत कमी आकडा म्हणजे उंची. काटकोन मोजायचं काही साधन लागत नाही. मोठी बाजू निवडली की हा बिंदू नेहमी त्या बाजूच्या आतच येतो, लहान बाजू निवडली तर कधी कधी प्लॉटबाहेर जातो.

आकडा २३ फूट ३ ते ५ इंचांत आला तर मोजणी आणि गणित दोन्ही ठीक आहेत. २२ फूट आला तर एखादी बाजू चुकली आहे, पुन्हा मोजा.

टप्पा ८: चार बाजूंचा प्लॉट

बहुतेकांची खरी गरज हीच असते, म्हणून इथे नीट थांबा.

तीन बाजू सांगितल्या की त्रिकोण ठरतो, तो हलू शकत नाही. चार बाजू सांगून चौकोन ठरत नाही. बिजागरी सैल झालेल्या खिडकीच्या चौकटीसारखा तो एका बाजूला कलू शकतो, बाजू त्याच राहतात आणि आतली जागा कमी होते. म्हणून नुसत्या चार बाजू घेऊन क्षेत्रफळ सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. कर्ण मोजलाच पाहिजे.

उदाहरण: अब = ३० फूट, बक = ५०, कड = ३६, डअ = ४८. सरासरीच्या पद्धतीने ३३ × ४९ = १६१७ वर्गफूट.

आता कर्ण अक मोजला आणि तो ५० फूट भरला असं धरा. दोन त्रिकोण होतात.

त्रिकोण अबक: बाजू ३०, ५०, ५०. प = ६५, फरक ३५, १५, १५. क्षेत्रफळ ७१५.४५.
त्रिकोण अकड: बाजू ५०, ३६, ४८. प = ६७, फरक १७, ३१, १९. क्षेत्रफळ ८१९.०७.

एकूण १५३४.५२ वर्गफूट. सरासरीपेक्षा ८२ वर्गफूट कमी. वर्गफुटाला ४,००० रुपये भाव धरला तर सव्वातीन लाखांहून जास्त रक्कम होते.

बाजू त्याच ठेवून कर्ण ५६ फूट असता तर? पहिला त्रिकोण ७४७.०९, दुसरा ८५६.१८, एकूण १६०३.२७. चारही बाजू तंतोतंत त्याच, आणि क्षेत्रफळात जवळजवळ ६९ वर्गफुटांचा फरक. रजिस्ट्रीत फक्त चार बाजू लिहिलेल्या असतील तर हा फरक कागदावर कुठेच दिसत नाही.

ताळा: दुसरा कर्ण बड सुद्धा मोजा आणि त्यावरचे दोन त्रिकोण वेगळे काढा. आपल्या प्लॉटमध्ये तो ६६ फूट ८ इंच भरायला हवा. अबड चे ६४९.७९ आणि बकड चे ८८५.२८ मिळून १५३५.०७ येतात. दोन उत्तरांत अर्ध्या वर्गफुटाचा फरक आहे, तो इंचाच्या तुकड्यांचा. फरक पाच-दहा वर्गफूट आला तर सहांपैकी एक तरी माप चुकलेलं आहे.

दोन इशारे. प्लॉटचा एखादा कोपरा आत दबलेला असेल, तर कर्ण त्याच कोपऱ्यातून काढा. दुसरा कर्ण प्लॉटबाहेरून जातो आणि त्यावरचे त्रिकोण बेरीज केल्यास उत्तर फुगतं. आणि चार बाजूंची अर्धपरिमिती घेऊन √[(प−ल)(प−म)(प−न)(प−र)] असं एक सूत्र सांगितलं जातं. ते ब्रह्मगुप्ताचं आहे आणि ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनालाच बरोबर लागू होतं. प्लॉट तसा असेलच याची काही खात्री नसते. ते इथे वापरू नका.

पाच बाजू असतील तर तीन त्रिकोण, सहा असतील तर चार. शक्य तेवढे कर्ण एकाच कोपऱ्यातून काढा, म्हणजे टेपचं टोक धरणाऱ्याला जागा सोडावी लागत नाही.

टप्पा ९: कर्णाच्या वाटेत खोली किंवा विहीर आली तर

अंदाज नको. ड कोपऱ्यावर उभे राहा. डअ ४८ फूट आहे, तिच्या चौथ्या भागावर, १२ फुटांवर, खुंटी ठोका. डक ३६ फूट आहे, तिच्या चौथ्या भागावर, ९ फुटांवर, दुसरी खुंटी. दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा आणि चारने गुणा. १२ फूट ६ इंच भरलं तर कर्ण ५० फूट. लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण समरूप आहेत, म्हणून हे चालतं. दोन्ही बाजूंचा भाग सारखाच हवा, एकीकडे चौथा आणि दुसरीकडे तिसरा असं करून उपयोग नाही. नुसते दोन्हीकडे १०-१० फूट घेऊनही नाही.

कोपऱ्याच्या आतच अडचण असेल तर दोन्ही बाजूंच्या रेषा दोरीने कोपऱ्याच्या मागे वाढवा आणि तिकडे हीच मापं घ्या. समोरासमोरचे कोन सारखेच असतात.

सावधान: चूकही चौपट होते. १२ फूट ६ इंचांऐवजी १२ फूट ७ इंच वाचलं तर कर्ण ४ इंचांनी वाढतो आणि या प्लॉटचं क्षेत्रफळ ५ वर्गफुटांहून जास्त बदलतं. म्हणून हे माप तीनदा घ्या, आणि जागा असेल तर चौथ्याऐवजी निम्म्या भागावर खुंट्या ठोका.

टप्पा १०: निमुळता त्रिकोण

दोन लहान बाजूंची बेरीज मोठ्या बाजूपेक्षा जेमतेम जास्त असेल तर सांभाळा. ६०, ३१ आणि ३० फुटांचा त्रिकोण घ्या: क्षेत्रफळ १६४.९८ वर्गफूट. ३१ च्या जागी ३१ फूट १ इंच टाका: १७१.७७. एका इंचाने जवळजवळ ७ वर्गफूट हलले. तोच एक इंच ३९-४२-४५ च्या त्रिकोणात ४२ च्या बाजूवर वाढवला तर ७५६ मध्ये फक्त १ वर्गफुटाची भर पडते.

नाल्याकाठच्या पट्ट्या आणि रस्त्याच्या कडेचे तुकडे असेच निमुळते असतात. तिथे बाजूंवर विसंबू नका. टप्पा ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे टेप सरकवून उंचीच थेट मोजा आणि मोठी बाजू × उंची ÷ २ करा. चौकोन कापतानाही हेच लक्षात ठेवा: दोन कर्णांपैकी ज्याने त्रिकोण भरदार होतात तो मुख्य धरा, दुसरा ताळ्याला ठेवा.

टप्पा ११: एकक आणि कागद

मीटरमध्ये मोजलं असेल तर उत्तर चौरस मीटरमध्ये येतं. वर्गफुटांसाठी १०.७६४ ने गुणा. ३.२८ ने नाही, तो लांबीचा आकडा आहे. उलट फुटांच्या क्षेत्रफळाला १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) क्षेत्र हेक्टरमध्ये असतं: १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे १,०७,६३९ वर्गफूट. बिघ्याचा हिशेब गावागावात वेगळा सांगितला जातो, म्हणून व्यवहाराचा आकडा बिघ्यात ठरवू नका.

आता तुमचं उत्तर रजिस्ट्रीशी आणि नक्शाशी लावून पाहा. आधी बाजू जुळवा, मग क्षेत्रफळ. बाजू जुळतात पण क्षेत्रफळ जुळत नाही, तर कागदावरचं क्षेत्रफळ सरासरीने काढलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. सरासरी करून पाहा, तोच आकडा आला तर कारण सापडलं. बाजूच जुळत नसतील तर प्रश्न गणिताचा नाही, हद्दीचा आहे. तुमची मोजणी सौद्यात बोलायला पुरेशी आहे, पण हद्दीचा वाद तिने सुटत नाही. खसऱ्याची जमीन असेल तर सीमांकनासाठी तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १२९ मध्ये त्याची तरतूद आहे. मोजणी होईल त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि आपली आकृतीची वही सोबत न्या.

टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडे एक मागणी जरूर करा: नक्शावर चारही बाजूंसोबत निदान एक कर्ण लिहून त्यावर सही द्यावी. टेपचं टोक धरायला त्यालाच सोबत घ्या, म्हणजे आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर वाचला जाईल.